परजीवी गांधीलमाशी ओळखायची कशी? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी, एकेक पायरी

अळी पाळायला घेतली आणि डब्यात फुलपाखराऐवजी भलतीच बारीक माशी निघाली, किंवा पानामागच्या माव्यात मधेच काही मावे फुगून सोनेरी झालेले दिसले, असं झालं की बहुतेकांचा या विषयात प्रवेश होतो. आणि लगेच पहिला प्रश्न, ही आहे कोण? फुलपाखरांसारखी चित्रं चाळून जुळवायला गेलात तर अडकाल, कारण एकट्या इक्न्युमोनिडी कुळात २५ हजारांच्या आसपास प्रजातींना नाव मिळालंय, ब्रॅकोनिडी कुळात २० हजारांच्या आसपास, कॅल्सिड गटातल्या सगळ्या कुळांत मिळून २२ हजारांच्या वर, आणि नाव न मिळालेल्या तर याहून खूप जास्त असणार असं अभ्यासक मानतात. त्यातल्या पुष्कळ २-३ मिलिमीटरच्या, काळ्या आणि वरवर बघता सारख्याच.

तरी कुळापर्यंत पोचणं, म्हणजे ही ब्रॅकोनिडी की इक्न्युमोनिडी की कॅल्सिडपैकी कोणी, एवढं भिंग आणि चिकाटी असेल तर कोणालाही जमतं. माझं एक ठाम मत आहे ते आत्ताच सांगून टाकतो: ती कशातून निघाली याची नोंद तुमच्याकडे असेल तर अर्धं काम झालेलं असतं. हवेत पकडलेल्या देखण्या नमुन्यापेक्षा, यजमानाची, म्हणजे ज्या किड्याला खाऊन ती वाढली त्याची, पक्की नोंद असलेली साधी काळी माशी कितीतरी जास्त मोलाची.

लागणारं सामान

- १० पट मोठं दाखवणारं भिंग. २० पटाचंही चालतं पण त्यात दिसणारा भाग फार छोटा असतो, सुरुवातीला चिडचिड होते.
- मोबाईल आणि त्याला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स.
- पारदर्शक डब्या, तोंडाला लावायला मलमलचं कापड, रबरबँड, टिश्यू पेपर.
- झाकणवाल्या छोट्या काचेच्या बाटल्या, बारीक ब्रश.
- ७० टक्के अल्कोहोल. पुढे डीएनए तपासायचा विचार असेल तर ९५ टक्के किंवा त्याहून जास्त.
- पेन्सिल आणि जाडसर कागद. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि लेबल कोरं होतं, त्यामुळे पेन्सिलच.
- मिलिमीटरच्या खुणा असलेला आलेख कागद.
- जागा संरक्षित असेल तर नमुने गोळा करायची लेखी परवानगी. ही आधी घ्यायची, नंतर नाही.

मायक्रोस्कोप नंतर घेतलात तरी चालेल. तो लागणार आहेच, पण पहिल्या दिवशी नको.

१. आधी तिचं आयुष्य समजून घ्या

हा भाग सोडून थेट खुणांकडे जाऊ नका प्लीज, कारण खुणा का आहेत ते इथूनच कळतं.

मादी यजमानाच्या अंगात, अंगावर किंवा थेट त्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. त्यातून निघालेली अळी यजमानाला खाऊन वाढते आणि शेवटी यजमान जवळजवळ नेहमीच मरतो. गोचीड रक्त पिते आणि जनावर जगत राहतं तसला हा प्रकार नाही, इथे परजीवी पूर्ण वाढला म्हणजे यजमान बहुतेक वेळा संपला, आणि म्हणूनच किडींच्या संख्येवर यांचा एवढा मोठा परिणाम होतो. प्रौढ माशी मात्र फुलातला मध, माव्याचा गोड चिकटा असल्या गोष्टींवर जगते. काही प्रजातींच्या माद्या यजमानाला टोचून जखमेतून येणारा रसही पितात, त्यातून त्यांना अंडी बनवायला प्रथिनं मिळतात.

आता यजमान समोर असेल तर स्वतःला दोन प्रश्न विचारा.

पहिला, यजमान अजून खातोय-हिंडतोय का? काही माश्या विष टोचून यजमानाला कायमचं लुळं करतात, तो जिथे आहे तिथेच थांबतो आणि माशीची अळी बहुतेक वेळा बाहेरून चिकटून त्याला खाते. लाकडात, खोडात, गुंडाळलेल्या पानात लपलेल्या यजमानांवर हा प्रकार जास्त. दुसऱ्या प्रकारात यजमान खात राहतो, वाढत राहतो, कातही टाकतो आणि आत परजीवी अळी वाढत असते. पाळताना याचा सरळ उपयोग होतो, दुसऱ्या प्रकारातल्या अळीला रोज ताजा पाला लागतो, पहिल्या प्रकारातल्या लुळ्या अळीला पाला टाकलात तर नुसती बुरशी येईल.

जिवंत यजमानाच्या आत राहणं सोपं नसतं बरं का. यजमानाच्या रक्तातल्या पेशी परक्या अंड्याला चारी बाजूंनी वेढून मारतात. कोटेशियासारख्या ब्रॅकोनिडींनी यावर काढलेला उपाय मला या सगळ्या विषयातला सगळ्यात थक्क करणारा वाटतो: मादी अंड्याबरोबर विषाणूसारखे कण यजमानात सोडते आणि ते त्याची प्रतिकारशक्तीच पाडतात. हे कण बनवायची जनुकं माशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांमध्ये बसलेली आहेत, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी एका विषाणूची जनुकं तिच्या पूर्वजांत मिसळली आणि तेव्हापासून ती पिढ्यानपिढ्या चालत आलीत.

दुसरा प्रश्न, एका यजमानातून किती निघाल्या? काही प्रजातींची एका यजमानात एकच अळी वाढते, काहींची पंचवीस-तीस भावंडं एकत्र वाढतात. कोपिडोसोमा फ्लोरिडॅनम ही एन्सर्टिडी कुळातली माशी पतंगाच्या अंड्यात एखाद-दुसरंच अंडं घालते, पण तो गर्भ विभागत जातो आणि मोठ्या झालेल्या अळीतून २००० हून जास्त माश्या निघू शकतात. त्यांच्यातल्या काही अळ्या सैनिक असतात, त्या आत शिरलेल्या दुसऱ्या परजीवींना मारतात आणि स्वतः कधीच प्रौढ होत नाहीत. त्यामुळे संख्या मोजून लिहा, ती ओळखीची खूण आहे.

नर-मादीचंही थोडं लक्षात असू द्या. फलन झालेल्या अंड्यातून मादी आणि न झालेल्यातून नर होतो, म्हणजे काय घालायचं ते आई ठरवू शकते, आणि बऱ्याच प्रजातींत मोठ्या यजमानात मुली आणि छोट्यात मुलगे घातले जातात. काही प्रजातींत व्होलबाकिया नावाच्या जिवाणूमुळे फलनाशिवायच माद्या होतात आणि नर जवळजवळ दिसतच नाहीत. डब्यातून सगळ्या माद्याच निघाल्या तर गडबडून जाऊ नका, तशी नोंद करा.

आणि सगळ्यात मोठा सापळा: परजीवीवरही परजीवी असतात. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळीत कोटेशिया ग्लोमेराटा वाढते, बाहेर येऊन पिवळे कोष विणते, आणि त्या कोषांवर लिसिबिया नाना ही छोटी इक्न्युमोनिडी आपली अंडी घालते. आता तुमच्या डब्यात लिसिबिया निघाली आणि तुम्ही लिहिलंत की ही अळीची परजीवी, तर नोंद चुकली. तिचा यजमान अळी नव्हती, कोटेशिया होती.

२. खरंच गांधीलमाशी आहे का ते बघा

हे पटकन उरकण्यासारखं आहे. पंख चार हवेत. पुढचा आणि मागचा पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असल्यामुळे दोनच वाटतात, तेव्हा भिंगातून मागचा पंख शोधा. दोनच पंख आणि मागे गोळी असलेल्या दोन काड्या दिसल्या तर ती साधी माशी, कितीही पिवळी-काळी असली तरी. कंबर अजिबात नसेल तर ती करवतमाशी. कंबरेवर उंचवटा किंवा गाठ असेल आणि मिशांचा पहिला भाग खूप लांब असेल तर पंख फुटलेली मुंगी असायची शक्यता जास्त.

अळीतून टॅकिनिड माश्यासुद्धा निघतात, त्या दोन पंखांच्या साध्या माश्यांपैकी. त्यांचा कोष तपकिरी, गुळगुळीत, कडक असतो आणि त्यावर रेशीम नसतं. गांधीलमाश्यांचा कोष बहुतेकदा रेशमाचा असतो, निदान ब्रॅकोनिडी आणि इक्न्युमोनिडींचा.

चावेल का, हा प्रश्न सगळे विचारतात. मागे दिसणारी लांब सोंड ही अंडी घालायची नळी आहे आणि बहुसंख्य प्रजाती माणसाला काहीही करू शकत नाहीत. अपवाद म्हणजे रात्री दिव्यावर येणाऱ्या केशरी रंगाच्या नेटेलियासारख्या काही इक्न्युमोनिडी, त्या बोटात धरल्या तर टोचतात. आणि बिनपंखी, केसाळ, मुंगीसारखी दिसणारी म्युटिलिडी कुळातली मादी अजिबात हातात घेऊ नका, तिचा डंख फार दुखतो.

३. यजमान वाचायला शिका

माशी न बघताही बरंच कळतं.

मावा फुगून, कडक आणि कागदासारखा होऊन सोनेरी-तपकिरी झाला असेल तर आत ॲफिडियस किंवा तिची जवळची नातेवाईक असते. असा मावा काळा असेल तर बहुधा ॲफेलिनस. माव्याचं रिकामं कातडं वर आणि खाली पसरट तंबू असेल तर प्राऑन. या सुकलेल्या माव्याला मम्मी म्हणतात. तिच्यावरचं भोक नीट बघा, गोल, कडा सफाईदार आणि कधी झाकण तसंच लटकलेलं, तर मूळ परजीवी बाहेर पडलीय. कडा वेड्यावाकड्या कुरतडलेल्या असतील तर बहुतेक वेळा परजीवीवरची परजीवी बाहेर पडलेली असते.

पतंगाची अंडी काळी पडलेली दिसली तर ट्रायकोग्रामाचा संशय घ्या, ही माशी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. पण इथे घोटाळा होतो, निरोगी अंडंही फुटायच्या आदल्या दिवशी गडद दिसतं कारण आतल्या अळीचं काळं डोकं कवचातून दिसतं. डोक्याचा एक ठिपका गडद असेल तर अळी येणार, सगळं अंडं एकसारखं काळं असेल तर माशी.

पांढऱ्या माशीच्या फिकट पिल्लांमध्ये काही काळी दिसत असतील तर त्यांच्या आत एन्कार्सिया ही परजीवी माशी असू शकते. १९२६ साली इंग्लंडमध्ये टोमॅटो पिकवणाऱ्या एका माणसाला नेमकं हेच दिसलं, फिकट पिल्लांत काही काळी पिल्लं, आणि ती त्याने चेस्हंटच्या संशोधन केंद्रात स्पायर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाकडे पोचवली. ती निघाली एन्कार्सिया फॉर्मोसा, आणि आज काचघरांतल्या पांढऱ्या माशीवर जगभर हीच सोडली जाते. तेव्हा वसाहतीत एखादा वेगळ्या रंगाचा दिसला तर तिथे थांबून बघाच.

झुरळाच्या अंड्यांच्या पाकिटाला एकच मोठं गोल भोक असेल तर इव्हॅनिडी कुळातली माशी, ती अख्ख्या पाकिटातली अंडी एकटी खाते. भोक टाचणीच्या टोकाएवढं असेल तर त्यातून युलोफिडी कुळातल्या पुष्कळ बारक्या माश्या बाहेर पडलेल्या असतात. लेडीबर्ड भुंगा एका कोषाला पायांत धरून थरथरत बसलाय असं दिसलं तर डायनोकॅम्पस कॉक्सिनेली, या ब्रॅकोनिडीची अळी भुंग्यातून बाहेर पडून त्याच्याच पायांखाली कोष विणते आणि भुंगा नकळत त्याची राखण करतो. काही भुंगे यातून जगतातही, तेव्हा त्याला ओढून काढू नका.

आणि शोधायचं कुठे? कुरतडलेल्या झाडांपाशी. अळी पान खाते तेव्हा तिच्या लाळेमुळे झाड वेगळ्या वासाची रसायनं हवेत सोडतं आणि माद्या त्या वासावर येतात, मक्याच्या रोपांवर हे १९९० साली प्रयोगाने दाखवलं गेलंय.

४. पाळून माशी बाहेर काढा

सगळ्या लेखातली ही पायरी सगळ्यात नीट वाचा.

एका डबीत एकच यजमान. हा नियम मोडायचा नाही. दहा अळ्या एका डब्यात ठेवल्या आणि तीन प्रकारच्या माश्या निघाल्या तर कोण कोणातून आली हे परत कधीच कळणार नाही, सगळी मेहनत वाया. मम्म्या असतील तर पानाचा छोटा तुकडा कापून प्रत्येक मम्मी वेगळ्या बाटलीत.

डबीत घालायचा पाला दोन्ही बाजूंनी तपासा. पानाच्या आत बोगदे करणारी नागअळी असेल, एखादी गाठ असेल, मागे एखादा मावा चिकटलेला असेल, तर माशी त्यातून निघते आणि आपण ती अळीच्या नावावर लिहितो. छापलेल्या जुन्या नोंदींमध्येसुद्धा असल्या चुका सापडतात, त्यामुळे हे किरकोळ समजू नका.

तळाला टिश्यू पेपर, तोंडाला मलमल, थेट ऊन नाही. ओलसरपणाचा तोल सांभाळणं हेच खरं कौशल्य, जास्त ओल झाली की बुरशी आणि कोरडं पडलं की कोषातच माशी वाळते. अळी असेल तर रोज विष्ठा काढा आणि पाला बदला. मम्मी किंवा कोष असेल तर काही करायचं नाही, फक्त दोन-तीन दिवसांनी मलमलवर ब्रशने पाण्याचा हलका हात फिरवा. मलमलचं विणकाम बारीक हवं, ट्रायकोग्रामा आणि तिच्या आकाराच्या माश्या जाळीच्या कापडातून आरामात निसटतात, त्यांच्यासाठी घट्ट कापसाचा बोळाच बरा.

रोज बघायचं आणि तारीख लिहायची. यजमान कधी आणला, खाणं कधी थांबलं, परजीवी अळी कधी बाहेर आली, कोष कधी विणला, माशी कधी निघाली. ट्रायकोग्रामा २५ अंशांच्या आसपास ८-१० दिवसांत अंड्यातून बाहेर पडते, पण काही प्रजाती थंडी किंवा कोरडा हंगाम कोषातच काढतात आणि महिनोन्महिने काहीच होत नाही. मेलंय समजून डबी फेकू नका. खूप जण इथेच घाई करतात.

माशी निघाली की लगेच मारू नका. नुकत्या निघालेल्या माशीचं कवच मऊ असतं, रंग पूर्ण चढलेला नसतो, आणि अशीच अल्कोहोलमध्ये टाकली तर पोट आक्रसतं आणि रंगावरून कोणी काही सांगू शकत नाही. एक दिवस जगू द्या, कापसाला पातळ मध लावून ठेवा. नमुन्याला एक-दोन नर आणि दोन-तीन माद्या पुरतात, बाकीच्या जिथून यजमान आणला होता तिथेच सोडा. लांबच्या ठिकाणाहून आणलेल्या असतील तर सोडू नका.

५. आता शरीर बघा: कंबर, मिशा, पंख

कंबर कुठे जोडलीय? बहुतेकांचं पोट छातीच्या मागच्या टोकाला खालच्या बाजूला जोडलेलं असतं. ते पाठीवर उंच जोडलेलं दिसलं तर शोध लगेच छोट्या गटापुरता उरतो, इव्हॅनिडी आणि गॅस्टरप्टिडी ही त्यातली नेहमी दिसणारी दोन कुळं.

मिशा सरळ की कोपरासारख्या वाकलेल्या? लांब, सरळ, पुष्कळ मण्यांच्या असतील तर इक्न्युमोनिडी किंवा ब्रॅकोनिडीकडे चला. आखूड आणि कोपर असलेल्या असतील तर कॅल्सिड किंवा सेलिओनिडी.

पंखातल्या शिरा. यासाठी माशीचा पुढचा पंख उजेडासमोर धरून बघावा लागतो. कॅल्सिडांच्या पुढच्या पंखात जवळजवळ एकच शीर असते, ती पुढच्या कडेने जाते आणि तिला मधेच एक छोटा फाटा फुटतो, बस्स. इक्न्युमोनिडी आणि ब्रॅकोनिडींच्या पंखात शिरांचं जाळं असतं आणि पुढच्या कडेवर एक गडद जाड डाग असतो.

या दोघींतला फरक सगळ्यांना छळतो, म्हणून सावकाश सांगतो. पुढच्या पंखाच्या मधल्या भागात वरून खाली जाणाऱ्या आडव्या शिरा शोधा. त्यातल्या दोन, एक छातीकडची आणि एक पंखाच्या टोकाकडची, या कामाच्या. इक्न्युमोनिडीत दोन्ही असतात, ब्रॅकोनिडीत टोकाकडची नसते. दोन म्हणजे इक्न्युमोनिडी आणि एक म्हणजे ब्रॅकोनिडी, एवढं पाठ करा. अपवाद दोन्हीकडे आहेत पण थोडे. शिवाय पोटाची पाठ बघा, ब्रॅकोनिडीत दुसरा आणि तिसरा पट्टा एकमेकांना घट्ट जोडलेले असतात आणि पोट तिथे वाकत नाही, इक्न्युमोनिडीत बहुधा वाकतं. मावा खाणाऱ्या ॲफिडियसच्या गटात नेमकं हे सांधणं सैल असतं आणि शिराही पुसट असतात, पण त्यांची ओळख मम्मीवरूनच झालेली असते.

रंगावर फार विसंबू नका. केशरी, काळी, पांढरा पट्टा असलेल्या मिशा हे सगळं कितीतरी असंबंधित गटांत परत परत येतं.

६. नेहमी भेटणारी कुळं

कॅल्सिडिडी: मागच्या पायाची मांडी फुगलेली, खालच्या कडेला दातरे, बहुतेक काळी-पिवळी. पतंग-फुलपाखरांच्या कोषातून निघते. ल्युकोस्पिडीचीही मांडी फुगलेली असते पण ती पंख लांबीच्या दिशेने घडी घालून ठेवते आणि मादीची अंडनलिका पाठीवर उलटी वळलेली असते.

एन्सर्टिडी: मधल्या पायाच्या नडगीला मोठा काटा, चांगली उडी मारते. पिठ्या ढेकूण आणि खवले किडीतून काही निघालं तर आधी हीच तपासा. आफ्रिकेत कसाव्यावरच्या पिठ्या ढेकणाला आवरणारी अनागायरस लोपेझी याच कुळातली, आणि त्या कामासाठी हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

युलोफिडी आणि ट्रायकोग्रामॅटिडी: पावलाचे सांधे मोजा. युलोफिडीत ४, ट्रायकोग्रामॅटिडीत ३. ट्रायकोग्रामाच्या पंखावर बारीक केस ओळींमध्ये लावलेले असतात. यासाठी मात्र मायक्रोस्कोप हवा.

मायमॅरिडी: पंख अरुंद, कडेला लांब केसांची झालर, मागचा पंख तर देठावर बसवल्यासारखा. यातल्या जवळजवळ सगळ्या प्रजाती दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांत वाढतात. यातल्या डिकोपोमॉर्फा एक्मेप्टेरिजिसचा नर ०.१३९ मिलिमीटरचा मोजला गेलाय, माहीत असलेला सगळ्यात छोटा कीटक तोच, बिनपंखी आणि बिनडोळ्यांचा.

सेलिओनिडी: काळी, मिशा तोंडाच्या अगदी जवळून निघालेल्या, पोट चपटं आणि कडा धारदार. अंड्यांतून निघतात. टेलेनोमस हे नाव वारंवार कानावर येईल ते यातलंच.

इव्हॅनिडी: पोट इवलंसं, बाजूने चपटं, उंच जोडलेलं आणि चालताना वर-खाली हलणारं. घरात दिसली तर घाबरून मारू नका, ती झुरळांच्या मागावर आलीय.

गॅस्टरप्टिडी: मानेसारखा लांब भाग, मागच्या नडग्या फुगलेल्या, एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या घरट्यांपाशी तरंगताना दिसते.

क्रिसिडिडी: झळाळती हिरवी-निळी, अंगभर खळगे, धोका वाटला की गोळा होते. ही दुसऱ्या गांधीलमाश्या-मधमाश्यांच्या घरट्यात घुसून अंडी घालते.

ड्रायनिडी: मादीच्या पुढच्या पायाला चिमटा, त्याने ती तुडतुड्याला पकडून ठेवते. तुडतुड्याच्या अंगाला बाजूने पिशवी लटकलेली दिसली तर आत हिची अळी आहे.

७. फोटो

एक सुंदर फोटो पुरत नाही, चार साधे लागतात: पाठीवरून, बाजूने, चेहऱ्याचा आणि पुढच्या पंखाचा, सगळे आलेख कागदावर ठेवून. पंखासाठी मागून उजेड घ्या. माशी फार हलत असेल तर बाटलीसकट पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मंदावते. यजमानाचा, कोषाचा आणि भोकाचा फोटोही हवा.

८. जपून ठेवणं आणि लेबल

माशी अल्कोहोलमध्ये, पण कोष, मम्मीचं टरफल, अळीचं सुकलेलं कातडं हे कोरडं वेगळ्या छोट्या बाटलीत, आणि दोन्हींवर एकच नंबर. हे टरफल टाकून देणारे खूप आहेत आणि मग यजमान कोण होता हे सिद्ध करायला हातात काहीच उरत नाही.

लेबलवर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, यजमान, तो कोणत्या झाडावर होता, माशी निघाल्याची तारीख. यजमानाचं नाव नक्की नसेल तर "पानं गुंडाळणारी हिरवी अळी" एवढंच लिहा आणि अळीचा फोटो नंबर जोडा. अंदाजाने लिहिलेलं पक्कं नाव हे कोऱ्या जागेपेक्षा जास्त नुकसान करतं. लेबल बाटलीच्या आत टाकायचं, बाहेर चिकटवलेलं निघून जातं.

९. नाव कुठपर्यंत न्यायचं

कुळ नक्की, पोटगट बहुधा, प्रजाती क्वचित. बहुतेक ओळखतक्ते, म्हणजे एकेक खूण तपासत नावापर्यंत नेणारे तक्ते, माद्यांवर बनवलेले आहेत, त्यामुळे हातात फक्त नर असेल तर कुळावर थांबा. तक्ता एखाद्या दुसऱ्या खंडातल्या प्रजातींचा असेल तर तो तुम्हाला कुठलं तरी नाव देणारच, आणि ते चुकीचं असू शकतं, तेव्हा तक्ता कुठला आहे हे आधी बघा.

तज्ज्ञांनाही हे अवघड जातं यावर विश्वास ठेवा. कोस्टारिकात अळ्या पाळून निघालेल्या मायक्रोगॅस्ट्रिनी या ब्रॅकोनिडी पोटगटातल्या माश्या दिसण्यावरून १७१ प्रजातींच्या वाटल्या होत्या, डीएनए आणि यजमानांच्या नोंदी जोडून पाहिल्यावर २००८ साली त्या ३१३ निघाल्या. ज्या अनेक यजमानांवर जगतात असं वाटत होतं, त्यातल्या पुष्कळ म्हणजे सारख्या दिसणाऱ्या, पण एकेकाच यजमानावर अडून बसलेल्या वेगवेगळ्या प्रजाती होत्या. हे उलगडलं ते एकेक अळी वेगळी पाळून तिची नोंद ठेवली होती म्हणून.

तज्ज्ञाला नमुना पाठवायचा असेल तर आधी विचारून घ्या, चार फोटो आणि लेबलवरची माहिती लिहून पाठवा, आणि नमुना अल्कोहोलमध्ये द्यायचा की सुकवून ते त्यांना ठरवू द्या. अल्कोहोलच्या बाटल्या पार्सलने पाठवायला बऱ्याच ठिकाणी बंदी किंवा वेगळे नियम असतात, आणि कीटकांचे नमुने देशाबाहेर पाठवायला तर स्वतंत्र परवानगी लागते, तेव्हा बाटली पॅक करायच्या आधी या दोन्ही गोष्टींची चौकशी करा.